क्लच प्लेट कशाची होती?

आज आपल्याला एका गॅरेजमध्ये जायचंय. ज्यांच्या घरात सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक आहेत त्यांनीही थांबा, कारण विषय गाडीपासून सुरू होतो पण गाडीपाशी थांबत नाही.

मार्च महिन्यात मला दापोली तालुक्यातून एक व्हॉइस मेसेज आला. आवाज ओळखीचा, फक्त मध्ये मध्ये दम लागत होता. देऱ्यात ज्यांनी माझ्या पहिल्या गाडीचा क्लच बदलला ते मिस्त्री बोलत होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. वय आता पंचाहत्तर. वर्षभर खोकला जात नाही म्हणून तालुक्याला टीबीची औषधं झाली, गुण आला नाही, मग पुतणीने मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून पहिला प्रश्न विचारला: काम काय करायचा, आणि कशात? चाचा म्हणाले, गॅरेजात. डॉक्टर म्हणाले, एवढं पुरत नाही. कुठल्या वर्षी, कुठे, हाताखालून काय काय जायचं ते लिहून आणा. तर चाचांचा मला निरोप असा: "भाऊ, तू कंप्यूटरवाला. जरा शोधून दे. आपण ज्या प्लेटा बदलायचो, त्या कशाच्या होत्या?"

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. गाडीचं बॉनेट उघडलं तर त्यात पाणी कुठे भरायचं एवढंच मला खात्रीने सांगता येतं. पण या माणसाने मला एकदा मोठ्या अडचणीतून सोडवलं होतं, म्हणून शोधायला बसलो. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी ती अडचण. साल २००६. मी मुरक्काबातला, एका फ्लॅटमध्ये पाच जण. ऑफिस इंटरनेट सिटीला. मेट्रो यायला अजून तीन वर्षं होती आणि टॅक्सीचा रोजचा खर्च झेपत नव्हता. कायमचा भारतात परत निघालेल्या एका सहकाऱ्याकडून जुनी निसान सनी घेतली, मॅन्युअल गिअरची, कारण ती स्वस्त होती. दोन महिन्यांत ती मकतूम पुलाच्या चढावर रुसली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, आरपीएमचा काटा वर जायचा, गाडी मात्र तेवढ्याच वेगाने चालायची. मागून हॉर्न. आणि एक वास, कुणी जुनं पायपुसणं जाळतंय असा.

तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात. इंजिन सुरू असेपर्यंत फिरतच राहतं, चाकांना मात्र सिग्नलला थांबावं लागतं. दोघांना जोडणारी आणि सोडवणारी वस्तू म्हणजे क्लच. इंजिनाच्या बाजूला फ्लायव्हील नावाची जड चकती, समोर स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट, आणि दोघींच्या मध्ये चिमटीत धरलेली क्लच प्लेट. या मधल्या प्लेटला दोन्ही अंगांना खरबरीत थर असतो, त्याला लायनर म्हणतात. पेडल दाबलं की चिमटी सुटते, सोडलं की घट्ट होते. पेडल अर्धवट दाबून ठेवलं की प्लेट घसरत फिरते आणि लायनर झिजतो. गाडी उचलताना थोडं घसरणं गरजेचंच आहे, म्हणजे हा भाग झिजण्यासाठीच बनवलेला असतो. एमबीएत आम्हाला घसारा शिकवला होता तो ताळेबंदातला. खरा घसारा मी त्या पुलावर पाहिला.

ढकलत ढकलत गाडी खबैसीच्या मागच्या एका गॅरेजात नेली. चाचांनी बॉनेट उघडलंच नाही. सीटवर बसले, हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. चांगला क्लच असता तर इंजिन आचका देऊन बंद पडलं असतं. माझं आरामात चालत राहिलं. "प्लेट गेली," ते म्हणाले. मी केबल वगैरे घट्ट करून भागेल का विचारलं. म्हणाले, केबल सैल असली तर गिअर अडकतो, कुरकुरतो. पेडल दाबल्यावर घरघर आली तर बेअरिंग. आणि इंजिन पळतं, गाडी पळत नाही, तर प्लेट. डॉक्टरने नाडी बघून सांगावं तसं.

मग त्यांनी मला बाजारात पाठवलं. नाइफ आणि नखल रोडच्या भागातला देऱ्याचा स्पेअर पार्ट्सचा बाजार तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो: वकाला की तिजारी? वकाला म्हणजे एजन्सीचा, कंपनीचा माल. तिजारी म्हणजे बाजारी. भाव निम्म्याहून कमी. मी अर्थातच तिजारी घेतला. चाचांनी बजावलं होतं त्याप्रमाणे पूर्ण सेट घेतला: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. नुसती प्लेट बदलून चार पैसे वाचवणाऱ्यांची गाडी सहा महिन्यांत परत येते, आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा पडते. हे आजही तितकंच खरं आहे.

दुपारपर्यंत दोन्ही ॲक्सल बाहेर काढून गिअरबॉक्स खाली घेतला होता. आत काळी, मऊ, काजळीसारखी धूळ बसलेली. हेल्पर पोराने सवयीने हवेची नळी उचलली, फुंकर मारून साफ करायला. आणि एरवी आवाज न चढवणारे चाचा ओरडले: "हवा नको! पाणी मार." पोराने बाटलीने पाणी मारलं, ओल्या फडक्याने सगळं पुसलं, ते फडकं पिशवीत बांधून टाकलं. माझ्या मनात आलं, म्हातारा टापटिपीचा आहे. कारण विचारायचं मला सुचलं नाही. निघताना मला दम भरला: "सिग्नलला क्लचवर पाय ठेवून उभा राहू नको. पुलावर हाफ क्लचने गाडी धरू नको. हँडब्रेक कशाला दिलाय?"

आता त्या लायनरचा इतिहास.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात क्लचला चामडं लावायचे. शंकूच्या आकाराचा एक भाग दुसऱ्या शंकूत जाऊन बसायचा, आणि आतल्या शंकूवर चामड्याचा पट्टा. चामडं सुकलं की क्लच एकदम पकडायचा आणि गाडी उडी मारायची, म्हणून त्याला एरंडेल वगैरे तेल पाजायचे. तेल जास्त झालं की घसरायचा, मग त्यावर भुकटी टाकायचे. भुकटी कसली, तर मुलतानी माती. आपल्या आया-आज्या चेहऱ्याला लावायच्या त्याच जातीची, तेल शोषून घेणारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्रज ड्रायव्हर ती सोबत बाळगायचे. हे वाचल्यावर मी बायकोला दाखवलं आणि दोन दिवस आमच्या घरात क्लच हा विषय हसण्यावारी गेला.

चामड्याला उष्णता सोसत नाही. त्यावर उपाय इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागातून आला. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी नवं लायनर करायला घेतलं. गाडीवान उतारावर ब्रेकला जुने बूट ठोकतात हे बघून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. पुढे चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी त्याचा कारखाना उभा राहिला. नाव फेरोडो, म्हणजे स्वतःच्या आडनावाचीच अक्षरं उलटसुलट करून, पत्नी एलिझाबेथचा ‘ई’ त्यात घालून. १९०८ च्या सुमारास त्याने लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली.

ॲस्बेस्टॉस म्हणजे कापसासारखा पिंजता येणारा दगड. खाणीतून निघतो, सुतासारखा विणता येतो, जळत नाही, झिजतो हळूहळू, आणि स्वस्त. अभियंत्याला याहून काय हवं? पितळेच्या तारेबरोबर विणून, रेझिनमध्ये भिजवून, दाबून, भाजून त्याचे लायनर बनू लागले. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या क्लच प्लेटांत आणि ब्रेकमध्ये हाच दगड होता, वजनाने बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास.

त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत, हेही लवकरच कळलं होतं. रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत काम करणारी नेली केर्शॉ १९२४ मध्ये वारली, वय तेहतीस. तिच्या फुप्फुसाचा अहवाल डॉक्टर विल्यम कुक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. १९३० मध्ये सरकारी पाहणी झाली आणि १९३१ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉस कारखान्यांतल्या धुळीसाठी नियम केले. म्हणजे चाचा जन्माला यायच्या वीस वर्षं आधी. हे नियम कारखान्याच्या भिंतीच्या आतले. त्या कारखान्यात बनलेला लायनर जगात कुठल्या तरी गॅरेजमध्ये कुणी तरी घासणार, फुंकणार, याचा विचार त्यात नव्हता.

चाचांची गोष्ट इथे सुरू होते. ती मी फोनवर तीन रविवारी तुकड्यातुकड्याने लिहून घेतली.

१९६४ मध्ये, चौदाव्या वर्षी, ते दापोलीहून मुंबईला आले आणि कुर्ल्याच्या एका गॅरेजात चिकटले. कुर्ला का, तर वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता आणि फियाट तिथेच बनायची. आपल्या लहानपणीची काळी-पिवळी टॅक्सी, जिची शेवटची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तीही याच कारखान्याची. त्याच लालबहादूर शास्त्री मार्गावर पुढे घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो, त्या डर्बीशायरच्या कारखान्याचं भारतातलं भावंड. ब्रेक आणि क्लचचे लायनर भारतातच बनू लागले होते. कुर्ल्यापासून घाटकोपरपर्यंतचा हा पट्टा म्हणजे एके काळी मोटारधंद्याची पंढरीच होती. सातारा, रत्नागिरी, सांगलीकडची किती घरं त्यावर उभी राहिली असतील.

आयातीवर निर्बंध, पैशाची चणचण. त्यामुळे मुंबईत तेव्हा अख्खी प्लेट कुणी बदलायचं नाही. प्लेट तीच, लायनर नवा. जुने रिव्हिट ड्रिलने उडवायचे, झिजलेला लायनर काढायचा, नवा बसवून पितळी रिव्हिट हातोडीने ठोकायचे, आणि कडा जास्त असतील तर कानस मारून जुळवायच्या. हे काम गॅरेजातल्या सर्वांत लहान पोराचं. चाचांच्या शब्दांत: "पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं व्हायचं. भुवया पांढऱ्या." संध्याकाळी हवेच्या नळीने कपडे झटकायचे आणि घरी जायचं. अकरा वर्षं.

१९७५ मध्ये ते दुबईला आले. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘द्वारका’ बोटीने, कराचीमार्गे. कोकणातली किती माणसं या बोटींनी आखाताच्या काठावर उतरली असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. ‘द्वारका’ची शेवटची फेरी १९८२ मधली.

ते उतरले तेव्हा देरा कसं होतं? खाडीवरचा मकतूम पूल १९६३ चा. त्याआधी मोटारीने बर दुबईहून देऱ्यात यायचं तर खाडीच्या टोकाला वळसा घालायचा, वाळूतून. पुलावरचा टोल १९७३ मध्ये बंद झाला होता. नाण्यावर आता दिरहम होता. १९६६ पर्यंत इथे रुपये चालायचे हे चाचांना जुन्या लोकांनी सांगितलं. शिंदघा बोगदा त्याच वर्षी उघडला, गरहूद पूल पुढच्या वर्षी. जबल अलीचं बंदर खोदलं जात होतं, ते १९७९ मध्ये उघडलं. म्हणजे शहरभर वाळू, खडी, सिमेंट वाहणारे ट्रक. चाचांना तेच आठवतं. मर्सिडीजचे नाकवाले ट्रक, टोयोटा आणि डॅटसनचे पिकअप, ओव्हरलोड, वाळूत रुतलेले. रुतलेला ट्रक काढायला ड्रायव्हर इंजिन पेटवून क्लचवर खेळतो. एका दुपारीत प्लेट काळी-निळी पडायची. "देऱ्यात पहिली दहा वर्षं वाळूने क्लच खाल्ले," ते म्हणाले, "नंतर शारजाच्या ट्रॅफिकने." इत्तिहाद रोडवर ज्यांनी कधी संध्याकाळी मॅन्युअल गाडी चालवली आहे, त्यांच्या डाव्या पायाला हे पटेल.

इथे आल्यावर रिव्हिट मारायचं काम बहुतेक सुटलं, कारण पैसा होता आणि तयार प्लेटा खोक्यातून येत. पण जुनी प्लेट काढताना आत साठलेली धूळ होतीच, आणि गॅरेजात कॉम्प्रेसर होता. गिअरबॉक्स खाली आला की हवा मारायची. ही जगभरची पद्धत होती, एकट्या देऱ्याची नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८६ मध्ये मेकॅनिकांसाठी एक पुस्तिका काढली. ब्रेक आणि क्लचच्या कामात हवेची नळी वापरू नका, कोरड्या फडक्याने झटकू नका, ओलं करून पुसा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. १९९४ मध्ये तिथे त्याचा कामगार-नियम झाला. ती पुस्तिका खबैसीच्या गल्लीत पोचली नाही. मग २००६ मध्ये चाचांनी ‘हवा नको’ का म्हटलं? हे मी त्यांना आता, वीस वर्षांनी विचारलं.

थोरले भाऊ. ते मुंबईतल्या एका लायनरच्या कारखान्यात होते. नव्वदच्या दशकात वारले. त्यांनाही आधी टीबीच सांगितला होता, दोन वर्षं औषधं. शेवटी एका डॉक्टरने फाइल बघून ॲस्बेस्टॉसिस लिहिलं, तोवर बसल्या जागेवरून उठवत नव्हतं. त्या डॉक्टरने चाचांना विचारलं होतं, तुम्ही काय करता? आणि मग सांगितलं: ओलं करून पुसत जा. दहाव्याला नाही की चाळिसाव्याला नाही, चाचांनी देऱ्यात परत येऊन पहिलं काम केलं ते पाण्याची बाटली गॅरेजात ठेवण्याचं. मालक हसला. पोरं हसली.

याच सुमारास, २७ जानेवारी १९९५ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद चाळीस वर्षं, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं ठेवावी. बाधिताला एक लाख रुपये भरपाई. चाळीस वर्षं एवढ्यासाठी, की हा आजार वीस-तीस-चाळीस वर्षं गप्प बसतो. २००५ मध्ये मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या १८१ कामगारांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात पाचांतल्या एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. निकाल मोठाच होता. पण तो कारखान्यातल्या हजेरीपटावरच्या माणसासाठी. कुर्ल्याच्या गॅरेजातल्या चौदा वर्षांच्या पोराचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाही तर घाबरून कुणी उद्या गाडी विकायला काढेल. नुसती प्लेट बदलणाऱ्या मेकॅनिकांना धोका किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. क्लच तापतो तेव्हा घासून निघालेल्या धुळीतले बरेचसे तंतू उष्णतेने बदलून जातात, निरुपद्रवी होतात, असं मानणारे अभ्यास आहेत. आणि गाडी चालवणाऱ्याला तर त्या बंद डब्यातल्या धुळीचा प्रश्नच फारसा येत नाही. पण नव्या लायनरला ड्रिल मारणं, कानस घासणं, यात न तापलेले, ताजे तंतू उडतात. चाचांच्या बाबतीत माझी शंका देऱ्यावर कमी आणि कुर्ल्याच्या अकरा वर्षांवर जास्त आहे. मी डॉक्टर नाही. पण पत्रात मी कुर्ला आधी लिहिलं.

युरोपीय संघात १ जानेवारी २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली. ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस आणि जपानने २००४ मध्ये क्लच-ब्रेकच्या लायनरमधून तो बाहेर काढला. मोठ्या कंपन्यांनी त्याआधीच काचेचे तंतू, ॲरामिड आणि तांब्या-पितळेच्या तारा वापरायला सुरुवात केली होती. इथे अमिरातीत २००६ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर बंदी आली. भारतात क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस, आजही आयात होतो, मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांसाठी.

एवढं घरबसल्या मिळालं. चाचांचा प्रश्न मात्र नेमका होता: आपण बदलायचो त्या प्लेटा. म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी मी पुन्हा नखल रोडला गेलो. वीस वर्षांत काउंटरवरची माणसं बदललीत, भाषा तीच. चौथ्या की पाचव्या दुकानात एक म्हातारे बोहरा शेठ बसले होते, वडिलांपासूनचं दुकान. जुना माल, ऐंशी सालातला, काही आहे का विचारलं. आधी त्यांना वाटलं मी नगरपालिकेचा माणूस. चाचांचं नाव आणि गॅरेज सांगितलं तसे सैल झाले. नाव त्यांना आठवत होतं. म्हणाले, "तो उधारी महिन्याच्या एक तारखेला द्यायचा." देऱ्याच्या बाजारात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

पोराला माळ्यावर पाठवलं. अर्ध्या तासाने तीन खोकी खाली आली, न विकलेली, युरोपात बनलेली. एकीच्या बाजूला छोटी चौकट: वर काळ्यावर पांढरा, छोट्या लिपीतला इंग्रजी ‘ए’, खाली लाल पट्टीवर बारीक अक्षरांत सूचना. युरोपात १९८३ च्या नियमाने ॲस्बेस्टॉस असलेल्या मालावर ही खूण सक्तीची झाली होती. सूचना इंग्रजीत लिहिलेली होती. धूळ श्वासात घेणं आरोग्याला धोकादायक, सुरक्षेचे नियम पाळा. चाचांना इंग्रजी वाचता येत नाही. उर्दू येतं, मराठी येतं, अरबी आकडे येतात. शेठ म्हणाले, खोकी फाडून प्लेट काढायची आणि खोकं गल्लीत टाकायचं, खोकं कोण वाचतो?

खोकं न उघडता मी फोटो काढले.

घरी येऊन पत्र लिहिलं, डॉक्टरांच्या नावे, एक पान. १९६४ ते १९७५, कुर्ला, मुंबई: क्लच आणि ब्रेकचे लायनर रिव्हिटने बसवणं, ड्रिल, कानस, तोंडाला काही नाही. १९७५ ते २०१४, देरा, दुबई: क्लच बदलणं, आठवड्याला साधारण चार. त्यातली पहिली वीसेक वर्षं हवेच्या नळीने सफाई, नंतर ओल्या फडक्याने. चार गुणिले पन्नास गुणिले वीस, चार हजार क्लच कोरड्या धुळीतले. ही बेरीज मी एक्सेलमध्ये केली आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. खाली लिहिलं: या काळात बाजारात आलेल्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असल्याचा पुरावा सोबतच्या छायाचित्रात. भाऊ ॲस्बेस्टॉसिसने वारले. विडी-सिगारेट नाही.

भरपाई कुणाकडे मागायची नाही, कुर्ल्याचं गॅरेज कधीच गेलं, तिथे आता टॉवर आहे. पण टीबीची औषधं बंद झाली आणि फाइलवर पहिल्यांदा योग्य शब्द चढला. सीटी स्कॅन झालाय, पुढच्या तपासण्या चालू आहेत. पुतणी म्हणाली की डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि तिला विचारलं, याच गॅरेजातले आणखी कुणी गावात आहेत का? आहेत. दोन दापोलीत, एक मंडणगडला. तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, मामा मुंबईत किंवा आखातात गॅरेजात, गोदीत, पत्र्याच्या किंवा लायनरच्या कामात होते आणि खोकल्याचं निदान लागत नसेल, तर असं एक पान लिहून डॉक्टरांना द्या. वर्षं, जागा, हाताखालचा माल. ते जिवंत आहेत तोवर विचारून घ्या. कुणाच्या माळ्यावर जुनी प्लेट किंवा ब्रेक शू पडलेला असेल तर घासू नका, झटकू नका, ओलं करून जाड पिशवीत बांधा.

चाचांना मी खोक्याचा फोटो पाठवला तेव्हा त्यांचं लगेच उत्तर आलं. मला वाटलं काही तरी मोठं बोलतील. त्यांनी विचारलं, शेठने त्या खोक्यांचं काय केलं? मी म्हटलं, टेपने बंद करून परत माळ्यावर ठेवली, नगरपालिकेला फोन करणार आहेत. "त्याला सांग, बाहेर कचऱ्यात टाकू नको," ते म्हणाले, "पोरं उचलतात."